थोरलीच्या झाकणाची चावी

पाणी घ्या ताई. जारचं हाय, विकतचं, बावीचं नाय, तुमी बिनधास्त घ्या. आमच्याकडं विहिरीला बाव म्हणतात, तुमाला हितं धाडलं त्या शाळेच्या मास्तरांनी सांगितलंच असंल. जुन्या बावींचं लिहायचं म्हणून तुमी आलात, तर मंग बावीपासनंच सुरू करतो. माजा जन्म हितलाच, सरावली गावाच्या मागं हा आमचा पाडा, माजं नाव काशिनाथ, पण सगळे काशादादाच म्हणतात. माज्या लहानपणी बोईसर म्हंजे स्टेशन, चार दुकानं नि गवताचे भारे, बाकी सगळी भातशेती. मंग कंपन्या आल्या, कंपन्यांमागनं कामगार आले, कामगारांना राहायला खोल्या लागल्या, खोल्यांच्या चाळी झाल्या, चाळींच्या बिल्डिंगी झाल्या, नि आमचा पाडा राहिला मधी. चारी बाजूंनी बिल्डिंग. दुपारी तीनलाच आमच्या अंगणात सावली येते. उन्हाळ्यात बरं वाटतं, थंडीत मातर मिरच्या वाळत नाय.

माजा बा बावी खणायचा. खणायचा नि उपसायचा पण. घिवली, चिंचणी, तिकडं वर डोंगरातल्या पाड्यांपर्यंत, कुठं बाव आटली, कुठं गाळ भरला, की बा ला बोलावणं यायचं. लय बोलायचा नाय. पण बावीत उतरायचे त्याचे नियम होते. चपला वर, तंबाखू थुंकून तीनदा चूळ भरायची, कमरेला दोर बांधायचा नि बावीला हात जोडून मंग पहिला पाय खाली टाकायचा. मी एकदा गालात तंबाखू ठेवून उतरलो. आता मोठा बाप्या झालेलो, लग्न ठरलेलं, तरी त्यानं मला अर्ध्यातनं वर ओढला नि चार माणसांसमोर मुस्काटात दिली. म्हणाला, लोकं हितनं पाणी नेऊन देवाला ठेवतात, नि तू थुंकी घेऊन चाललास. चार दिवस मी त्याच्याशी बोललो नाय. पण तेव्हापासनं बावीत उतरताना तोंडात सुपारीचं खांड पण ठेवलं नाय मी.

त्याची विद्या पायात होती, ताई. तुमाला हसू येईल, पण खरं सांगतो. बावीच्या तळाला झरा कुठनं येतो ते डोळ्यांनी दिसत नाय, पाणी गढूळ असतं. बा पायानं बघायचा. तळावर हळूहळू पाय फिरवायचा, झऱ्याचं पाणी उन्हाळ्यात गार लागतं नि थंडीत कोमट लागतं, तिथं बोट थांबायचं. आमच्या हितली जमीन म्हंजे वर माती, मंग मुरूम, नि खाली काळा पत्थर. त्या पत्थराला चिरा हायत. पाणी असतं ते त्या चिरांमधनं चालतं, सगळीकडं नसतं. म्हणून दहा हातावर एक बाव तुडुंब नि दुसरी कोरडी. ते मला पण आलं, पायात आलं. बा गेला तवापासनं लोकं मला बोलवायला लागली. काशादादानं पाय ठेवला म्हंजे झरा सापडला, असं म्हणायचे. बायको म्हणायची, बावीतला झरा सापडतो नि घरातली चप्पल सापडत नाय. मला अभिमान होता. का नसावा, आता तुमीच सांगा. शाळा चौथीपर्यंत, पण इंजिनेर लोक माज्या पायाला विचारायचे.

आता ह्या दोन बावींचं सांगतो, कारण सगळं त्यातच हाय. आमच्या पाड्यात ही खाली जी बाव हाय ती धाकटी. नि वर, थोडी चढण हाय बघा, तिकडं शेठच्या वाडीत एक बाव होती, ती थोरली. दोघी बहिणी. नुसतं म्हणायला नाय, खऱ्याच बहिणी, कारण दोघींची चीर एक. शेठनं वाडीला पाणी द्यायला थोरलीवर पंप लावला की सांजपर्यंत आमची धाकटी हातभर खाली जायची. बा नं मला दाखवलेलं, कठड्याला विटंनं खूण करून दाखवलेलं. म्हणून आमच्याकडं रीत हाय. बाळंतीण सव्वा महिन्यानं पहिल्यांदा घराबाहेर पडते ती बावीवर. बावीची ओटी भरतात, तांदूळ, नारळ, हळदकुंकू. पण धाकटीची ओटी भरायच्या आदी वर जाऊन थोरलीला नारळ द्यायचा, मोठीचा मान आदी. मंग खाली येऊन धाकटीचं पाणी शेंदायचं, ती घागर घरी आणायची नि त्यातलं बोटभर पाणी बाळाच्या ओठाला लावायचं. आईच्या दुधानंतरचं पहिलं पाणी. आमच्या पाड्यात जेवढी माणसं जगली, त्यांच्या ओठाला ते लागलंय. माज्या पण.

शेठच्या पोरांनी वाडी विकली. बिल्डरनं घेतली. मोठी बिल्डिंग बांधायची, दोन विंग, खाली दुकानं. आमाला वाटलं आता थोरली बुजवणार. मी सकाळी जाऊन तिथं उभा राहायचो, नुसता बघत. तिथला साहेब एकदा म्हणाला, काका, काय पायजे. मी म्हणलो, काय नको, बाव बघतो. तर त्याला कुणी सांगितलं की ह्याला जमिनीतलं पाणी कळतं. त्यानं मला बसवलं, चहा दिला. म्हणाला, नकाशा पास व्हायला पावसाचं पाणी जिरवायची सोय दाखवावी लागते, गच्चीवरचं सगळं पाणी जमिनीत सोडायचं, तुमी सांगा हितली जमीन कुठं पाणी पिते. भिंतींवर लिहिलेलं नसतं काय, पाणी अडवा, पाणी जिरवा, तेच. मला एवढा आनंद झाला ताई, काय सांगू तुमाला. मी म्हणलो, साहेब, खड्डा कशाला खणता, ही बाव हाय, हिच्या तळाला हिचं तोंड हाय, हितं कितीपण पाणी टाका, पिऊन टाकंल. मीच. कुणी माज्या डोक्याला बंदूक लावली नव्हती. मीच त्याचा हात धरून नेला नि म्हणलो, हितं.

थोरली वाचली. मी पाड्यात येऊन सांगितलं तर बायकांनी माजी आरती ओवाळायची बाकी ठेवली. नि काम पण नीट केलं, ते खोटं नाय बोलणार. बावीच्या आदी एक टाकी बांधली, त्यात खाली मोठे दगड, वर खडी, वर कोळसा, वर रेती, गच्चीचं पाणी त्यातनं गाळून मंग बावीत. बावीवर लोखंडी झाकण, त्याला कुलूप. त्याची चावी माज्याकडं, कारण बिल्डिंगचा पंप, टाक्या, पायपा सगळं बघायला मलाच ठेवला. एवढ्या वयात खुर्ची, पंखा, युनिफॉर्म. बायको म्हणाली, सायब झालात, आता घरातला नळ पण दुरुस्त करा. पहिली दोन वर्षं धाकटीला चैत्रात पण पाणी, जे कदी नव्हतं. नि बाळंतिणी यायच्या त्या बिल्डिंगच्या गेटवर, वॉचमनला सांगायच्या, पार्किंगमधी नारळ फोडायचाय. तो बिचारा बिहारचा, त्याला काय कळणार, तो मला फोन करायचा, काशाकाका, पूजावाली औरतें आयी हैं. मी चावी घेऊन जायचो. झाकण उघडायचो. गाड्यांच्या मधी उभं राहून बायका थोरलीला नारळ द्यायच्या. बिल्डिंगमधली पोरं बघायला यायची, त्यांना खोबरं मिळायचं.

मंग दुसरी विंग सुरू झाली. नि खाली दुकानं भरली, त्यात एक मोटारसायकलचं गॅरेज. त्या वर्षी पाऊस असा पडला की आवार सगळं भरलं. पूर्वी पाणी उतरणीनं आमच्या शेतात जायचं, आता मधी भिंत. पार्किंगमधी गाड्या अर्ध्या पाण्यात. वरचे लोक ओरडायला लागले, त्यांचं पण बरोबर हाय, कष्टाच्या गाड्या. दुपारची वेळ, भर पावसात बिल्डरचा सुपरवायझर मला घेऊन झाकणापाशी आला. हिंदी बोलतो तो, माणूस वाईट नाय. म्हणाला, काका, आपने ही बोला था ना, ये कुआँ सब पी जाता है. तो पीने दो. बाजूनं बावीची भिंत फोडा नि आवाराचं गटार सरळ आत सोडा, रेतीच्या टाकीत कशाला, तिथनं हळू जातं.

मी नाय म्हणलो नाय. आता तुमी विचाराल का. तर त्याचं उत्तर मी गेली दोन वर्षं शोधतोय. एक तर तो माजंच वाक्य मला परत देत होता. नि दुसरं, बा नेहमी म्हणायचा, जमीन सगळं गाळते. खत पडो, गुरं मरो, वरनं घाण गेली तरी खालनं पाणी चांगलंच येतं, जमीन गाळते. ते माज्या डोक्यात एवढं बसलेलं. मी छन्नी नि हातोडा घेतला, झाकण उघडून आत उतरलो नि बावीच्या बांधकामाला वीतभर रुंद भोक पाडलं. भळाभळा पाणी आत गेलं. तासाभरात पार्किंग कोरडं. लोकांनी वरनं टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या.

माजी चूक कुठं झाली ते मला लय नंतर कळलं. बा म्हणायचा ते बरोबरच होतं, जमीन गाळते. पण जमिनीतनं गेलं तर गाळंल ना. मातीतनं, मुरमातनं, हळूहळू. मी पाणी जमिनीत कुठं सोडलं, मी ते सरळ चिरंत सोडलं. माणसाला जेवण भरवायचं सोडून सुईनं रक्तात घातल्यासारखं. नि कसलं पाणी. दुसऱ्या विंगच्या कामाच्या फळ्यांना लावायचं काळं ऑइल असतं, शटरिंगचं, ते. सिमेंट कालवलेली घमेली धुतलेलं. रंगारी थिनरनं ब्रश धुतात ते. गॅरेजवाला रोज फरशी धुतो ते. सगळं आवारात पडतं, पाऊस आला की गटारात, गटारातनं थोरलीत. चीर एक, मघाशी सांगितलं तुमाला. थोरलीत गेलं ते धाकटीत येणार, हे सगळ्या पाड्यात मलाच पक्कं ठाऊक. नि मीच तिथं हातोडा मारला.

पुढच्या उन्हाळ्यात धाकटीला वास यायला लागला. पयल्यांदा कुणाला खरं वाटंना. मंग भाताला वास, मंग पोरांच्या अंगाला खाज. नळ हाय पाड्याला, पण तो दिवसाआड नि तो पण पिवळा, प्यायला सगळ्यांची धाकटीच. आता आमच्याकडं पाण्याला वास आला म्हंजे कुणाचं नाव घेतात, तुमाला ठाऊक हाय. कंपनीचं. कुठल्या कंपनीचं ते पण कुणी विचारत नाय, नुसतं कंपनीचं पाणी आलं म्हणायचं नि झालं. पाड्यानं मोर्चा काढला. त्यात सगळ्यात पुढं कोण, तर मी. हातात धाकटीच्या पाण्याची बाटली. लोकं म्हणाली, काशादादा पुढं पायजे, त्याला पाण्यातलं कळतं. मी चाललो. घोषणा पण दिल्या.

मोर्चा गेला त्या सरकारी हापिसात एका साहेबानं बाटलीचं बूच काढलं, वास घेतला, नि हळूच मला म्हणाला, ह्याला ऑइलचा वास येतो, कंपनीचा वाटत नाय, तुमच्या बावीच्या आसपास गॅरेज वगैरे हाय काय. मागं घोषणा चालू होत्या, कुणाला ऐकू गेलं नाय. मी म्हणलो, नाय साहेब, आसपास काय नाय. नंतर ते बाटली तपासायला पाठवतो म्हणाले, त्याचं पुढं काय झालं देव जाणे. पण मला तिथंच कळलं, हे माज्या भोकातनं आलंय.

मंग पाड्यानं मला बावीत उतरायला सांगितलं. तूच बघ म्हणाले. मी तंबाखू थुंकली, तीनदा चूळ भरली, हात जोडले, उतरलो. कंबरभर पाणी. पाय फिरवला. झरा सापडला, गार लागला, बोट थांबलं, नि तिथला पत्थर बुळबुळीत. शेवाळाचा नाय, शेवाळ मला कळतं. तेलाचा. ह्या पायाला लागलं ते, ह्या अंगठ्याला. वर सगळे वाकून बघत होते, काय हाय काशादादा, काय हाय. मी म्हणलो, गाळ हाय जुना, बाकी काय नाय, टीसीएल पावडर टाका, आठ दिवसांत ठीक होईल. टाकली ती पाणी साफ करायची पावडर. वास थोडा पावडरीखाली दबला. नि लोकं पुन्हा प्यायला लागली, कारण मी सांगितलं म्हणून. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर चार जणांनी शंका घेतली असती. बा नं चाळीस वर्षं बावीत उतरून जो भरोसा कमावला तो मी असा वापरला.

माजी सून प्रतिभा. चिंचणीची हाय. तिकडं खाडीच्या बाजूला बावींचं पाणी मचूळ झालंय, डाळ शिजत नाय. लग्न होऊन आली तवा धाकटीचं पाणी पिऊन म्हणाली होती, बाबा, साखर घातली काय ह्यात. एवढी खूश. मागच्या थंडीत तिला मुलगी झाली. माजी नात. सव्वा महिना झाला, ओटीचा दिवस आला. मी म्हणलो, हल्ली काय ते जुनं, घरातच पूजा करा. तर बायको माज्या अंगावर आली, नातीचंच तुमाला जड झालं काय म्हणून. गेलो चावी घेऊन.

भर दुपारचं ऊन. मी झाकण उघडलं नि आतनं असा भपका आला, पेट्रोल पंपावर येतो तसा, की बायकांनी पदर नाकाला लावले. ऊन सरळ आत पडलेलं. प्रतिभा नारळ घेऊन वाकली, नि तिला ते भोक दिसलं. खाली त्याच्यातनं काळा ओघळ आलेला. शिकलेली पोर हाय ती. तिनं भोकाकडं बघितलं, माज्या हातातल्या चावीकडं बघितलं, मंग माज्याकडं बघितलं. नारळ फोडला, ओटी भरली. खाली धाकटीवर आली, घागर शेंदली, सगळ्या बायकांसमोर ती घागर बावीच्या कठड्यावर ठेवली, आणि सांडली. पाय घसरला म्हणाली. रिकामी घागर घेऊन घरी आली. बाळाच्या ओठाला तिनं उकळलेलं नळाचं पाणी लावलं.

सांजला चूल पेटवताना एवढंच म्हणाली, बाबा, ते भोक कुणी पाडलं. मी म्हणलो, मी. ती म्हणाली, ह्यांना ठाऊक हाय काय. ह्यांना म्हंजे दिनेशला, माज्या मुलाला. मी म्हणलो, नाय. त्याच्यानंतर आमच्या घरात जार यायला लागला. पाड्यात विचारलं तर सांगते, बाळाच्या डॉक्टरनं सांगितलंय. खोटं बोलते बिचारी. माज्यामुळं ती पण खोटं बोलते.

दिनेशचं का सांगितलं, तर तो कंपनीत हाय कंत्राटावर, नि ते कंत्राट सुपरवायझरच्या मेव्हण्याचं. मी मधी एकदा धीर केला. रविवारी जाऊन ते भोक सिमेंटनं बुजवलं. कुणाला न विचारता. बरं वाटलं हो, लय दिवसांनी भूक लागली मला. नि चारच दिवसांत मोठा पाऊस. पार्किंग भरलं. सुपरवायझर आला, भोक बघितलं, आवाज पण चढवला नाय त्यानं. वही काढली. दर वर्षी मी त्यात सही करतो, फिल्टर साफ केला, फक्त गच्चीचं पाणी बावीत जातं, सगळं ठीक. भोक पाडल्यानंतरच्या दोन सह्या माज्या. म्हणाला, काका, सोच लो, दीवार किसने तोडी, साइन किसका है. मैं तो बोल दूँगा मुझे मालूम नहीं था. नि मंग जाता जाता म्हणाला, दिनेश कैसा है, काम पे ठीक है ना.

तर मी परत फोडलं. माज्याच हातानं बुजवलेलं माज्याच हातानं फोडलं. नव्या सिमेंटला हातोडा लागतो तवा कसा आवाज येतो तुमाला सांगता येणार नाय. पाणी जिरवायला निघालो होतो, नि माजीच जिरली. बिल्डिंगमधले लोक पण त्याच चिरंचं पाणी पितात, त्यांचा बोअर थोरलीपासनं पन्नास पावलांवर हाय. त्यांना पण ठाऊक नाय. सकाळी जिन्यात भेटतात, काका नमस्कार म्हणतात. मी नमस्कार करतो. वरनं खाली नि खालनं वर, कुठंपण गेलो तरी त्या पाण्याचीच माणसं भेटतात मला.

लाज वाटते ताई. रडायला पण येत नाय, नुसती लाज वाटते. बा असता तर मुस्काटात दिली असती नि मोकळा केला असता. आता मारणारं पण कुणी नाय.

तुमी आज आलात, बरं झालं की वाईट झालं मला कळत नाय. मास्तरांनी निरोप दिला तवा मी नाय म्हणणार होतो. पण आज शुक्रवार, ओटीचा वार. मी आज कामावर खाडा केलाय, का ते सांगतो. शेजारी मंजीवहिनी हाय, तिची मुलगी सुनंदा बाळंतपणाला माहेरी आलीय. मुलगा झालाय, आमच्या अंगणातनं त्याचं रडणं ऐकू येतं. आज त्यांची ओटी. मी विचार केला, मी कामावर गेलो नाय, चावी माज्याकडं, झाकण उघडणार नाय, मंग ओटी पुढं जाईल. आठ दिवस तरी मिळतील. काय करणार होतो आठ दिवसांत, ते पण ठरलं नव्हतं. तर सकाळी मंजीवहिनी दारात आली. म्हणाली, काशादादा, तब्येत बरी नाय ऐकलं, तुमी उठू नका, आमी झाकणावरच नारळ फोडू, थोरली रागावणार नाय. पाणी तर धाकटीचंच घ्यायचंय. नि मला विचारलं, टीसीएल टाकल्यापासनं पाणी चांगलं हाय ना हो. प्रतिभा तिथं उंबऱ्यात बाळाला घेऊन उभी. ती माज्याकडं बघत होती, मी जमिनीकडं. मी म्हणलो, हां.

असं झालं, ताई. तोंडातनं हां निघालं. आता दोन तास झाले, तेवढ्यात तुमी आलात, नि मी तुमाला बावींचं जुनं सांगत बसलो, बा चं सांगितलं, म्हणलं तेवढंच सांगावं नि तुमाला पाठवावं. पण सुरू झालं नि थांबता येईना. त्या बायका वर जाऊन नारळ फोडून आता खाली यायला निघाल्या असतील. बाहेर बघा, ते पितळेच्या घागरीचं वाजतंय ना, तेच.

माजे पाय उठत नायत. उठले तरी बावीपाशी गेल्यावर तोंड उघडंल ह्याचा मला भरोसा नाय, सकाळी बघितलं ना. दिनेशचं काय व्हायचं ते होईल, त्याला मी सांजला सांगेन, आज सांगेनच. तुमी ते लिहिलेलं नंतर नीट करा, माजं नाव बदलू नका. नि ही घ्या. ही थोरलीच्या झाकणाची चावी. कुणाला खोटं वाटलं तर म्हणावं उघडून बघा, आत उजव्या हाताला भोक हाय.

तुमचा रिक्षाचा रस्ता धाकटीवरनंच जातो. सांभाळून जा, देव तुमचं भलं करो. मंजीवहिनी चांगली बाई हाय, तुमी पावणी, ती पहिला तांब्या तुमच्याच पुढं करंल. घेऊ नका. का म्हणून विचारंल, तर माजं नाव सांगा.